नाताळची रोशनाई, ७५० पिक्सेल: कार्डवाला कंट्रोलर घेऊ की ईएसपी३२?

बावखलकाठी (१२ ऑक्टोबर, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. आम्ही वसईकर. घरापुढे अंगण, अंगणापुढे बावखल आणि त्याच्या पलीकडे केळीची वाडी असं सांगितलं की आमच्याकडच्या कुणालाही घर डोळ्यांसमोर येईल. बाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं.

नाताळचा तारा आमच्याकडे दरवर्षी भाऊ करायचा. बांबूच्या काड्या, जिलेटिनचा कागद, आत एक पिवळा बल्ब आणि पागोळीला चार सिरीज. भाऊ आता कुवेतला आहे. जाताना मला म्हणाला, "आता तूच बघ." मी हिशेबाचं काम करते, सोल्डरिंग आयुष्यात पहिल्यांदा ऑगस्टमध्ये केलं. पण आता हात बसलाय आणि डोक्यात खूळ शिरलंय.

खूळ असं: तारा यंदा अंगणात न लावता बावखलाच्या पलीकडच्या काठावर उभा करायचा. म्हणजे ओसरीतून बघितलं की एक तारा वर आणि एक पाण्यात. ओसरीपासून तारा वायरच्या वाटेने २२ मीटर आहे, दोरी धरून मोजलंय.

माझी यादी (सगळे १२ मिलिमीटरचे बुलेट पिक्सेल, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येतो असे दिवे, आत डब्ल्यूएस२८११ चिप, ५०च्या माळा):
तारा ८ फुटी, शेपटीसकट २५०. पागोळी ४२ फूट, १५०. अंगणातले दोन माड, प्रत्येकी १००. गोठा (येशूजन्माचा देखावा) १००. बावखलाचा अलीकडचा कठडा ५०. एकूण ७५०, म्हणजे १५ माळा. माळा अजून घेतलेल्या नाहीत, म्हणून ५ व्होल्ट की १२ व्होल्ट हेही सांगा.

गाण्यावर नाचणारे दिवे नकोत. मला एकच गोष्ट हवी आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) घरी आलो की पप्पा बाळ येशूची मूर्ती गोठ्यात ठेवतात. तोवर गोठा रिकामा असतो. त्या क्षणापर्यंत तारा आणि गोठा अंधारात राहावेत, आणि पप्पांनी मूर्ती ठेवली की शेपटीकडून तारा उजळत जावा. वेळ ठरलेली नाही. कधी पाऊण वाजतो, कधी दीड. वाटेत कोण किती जणांना "हॅपी ख्रिसमस" करत थांबतं त्यावर आहे. आणि पप्पा ७३ वर्षांचे आहेत, ते मोबाईलवरचं काही करणार नाहीत.

आता दिवे चालवणाऱ्या कंट्रोलरचे पर्याय. दुकानदार म्हणतो टी-१०००एस घ्या, एसडी कार्डवाला, सगळे डेकोरेटर तोच वापरतात. भाच्याच्या शाळेच्या प्रोजेक्टमधला नोडएमसीयू (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) घरात पडलेला होता. त्यात डब्ल्यूएलईडी (दिवे चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून ५ व्होल्टची ५० पिक्सेलची माळ जेवणाच्या टेबलावर लावून पाहिली. वीस मिनिटांत चालू झाली, मी स्वतःवरच खूश. फक्त एक गोम आहे: एकच रंग लावला की ठीक, पण सगळे पांढरे केले आणि ब्राइटनेस पूर्ण वर नेला तरी दिवे मिणमिणतेच. सप्लाय ५ व्होल्ट १० अँपिअरचा आहे, म्हणजे तो कमी पडत नसावा. नोडएमसीयूची ताकद कमी पडते का? म्हणून त्याचाच मोठा भाऊ ईएसपी३२ घ्यावा का? की अमेरिकेतले लोक दाखवतात तसा रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आणि १६ पोर्टचा मोठा बोर्ड?

बजेट माळा धरून १२ हजार. त्यातले काही मम्मीला माहीत नाहीत.

---

माळवाला_कोल्हापूर (१३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५)

भावा, डोकं लावू नको. टी-१०००एस घे. आमच्या गल्लीच्या मंडळाला सहा वर्षं एकच डबा चालतोय. एका डब्यावर २०४८ पिक्सेल जातात, तुझे ७५० म्हणजे त्याला नाष्टा. लेडएडिटमध्ये प्रोग्रॅम बनवायचा, कार्डावर टाकायचा, कार्ड खोचायचं, विषय संपला. वाय-फाय नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. लाईट गेली, परत आली, की आपोआप सुरू. पावसात पिशवी गुंडाळून चालवलाय.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. लेडएडिट विंडोजवरच चालतंय, आणि प्रोग्रॅम काढताना आयसी (पिक्सेलमधली चिप) आणि रंगांचा क्रम बरोबर निवड, नाहीतर लाल म्हणशील तिथं हिरवं पेटंल. बुलेटवाल्या माळा बऱ्याचदा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) क्रमाच्या असतात, पट्टीवाल्या जीआरबी (हिरवा आधी). दुसरं, कार्ड भारीतलं घे. स्वस्तातल्या कार्डानं ऐन मिरवणुकीत आमचा मोर अर्धाच नाचवला होता.

माझे वडील याच धंद्यात होते. त्यांच्या काळात लाकडी रूळ असायचा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, मोटार रूळ फिरवायची आणि पट्टीला पट्टी टेकली की त्या ओळीचे बल्ब लागायचे. ठिणग्या उडायच्या नुसत्या. त्यापुढं हा डबा म्हणजे देवच.

---

बावखलकाठी (१३ ऑक्टोबर, सकाळी ८:४०)

भावा नाही, ताई. :) तो रूळ बघायला आवडला असता.

पण एक विचारते. कार्डातला प्रोग्रॅम सुरू झाला की तो फिरत राहतो ना? पप्पांनी मूर्ती ठेवली की *त्याच वेळी* तारा लागायला हवा. डब्यावरचं बटण दाबून प्रोग्रॅम बदलता येतो असं दिसतंय, पण तो डबा ओसरीत राहणार आणि तारा २२ मीटरवर. मग डेटाची वायर (पिक्सेलना कुठला रंग लावायचा ते सांगणारी) २२ मीटर ओढायची का?

---

माळवाला_कोल्हापूर (१३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५)

ताई, माफी. बटण आहे, प्रोग्रॅम बदलतोय. पण २२ मीटर डेटा नाही जाणार सरळ. आम्ही डबा कमानीपाशीच बांधतो, म्हणून कधी प्रश्न आला नाही. तारा आणि गोठा एकदम लावायचा तर दोन डबे, आणि दोन डब्यांची गाठ घालायला परत वायरच. यावर इथले वाय-फायवाले बोलू देत.

---

डॅलसचा_आकाशकंदील (१४ ऑक्टोबर, पहाटे ४:५०)

तुमच्याकडे पहाट, आमच्याकडे संध्याकाळ. डॅलसजवळ राहतो, मूळचा डोंबिवलीचा. घरावर दिवाळीला लावलेले दिवे नवीन वर्षापर्यंत उतरत नाहीत. अर्ध्या गल्लीला वाटतं मी ख्रिसमससाठी उत्साही आहे, उरलेल्या अर्ध्या गल्लीला वाटतं मी आळशी आहे. यंदा ४,२०० पिक्सेल. तुम्ही म्हणता तो मोठा बोर्ड माझ्याकडे आहे (फाल्कनचा, १६ पोर्टचा), रास्पबेरी पायवर फाल्कन प्लेअर चालतो, प्रोग्रॅम एक्सलाइट्समध्ये करतो. आणि तरीही सांगतो: तुम्ही यातलं काहीही घेऊ नका.

तो सगळा पसारा गाण्यासाठी आहे. एका तीन मिनिटांच्या गाण्याला मला दोन शनिवार-रविवार लागतात, आणि बायको तेच गाणं त्या काळात चारशे वेळा ऐकते. गाणं नको असेल तर १६ पोर्टचा बोर्ड म्हणजे दोन माणसांच्या घरात पंगतीचं पातेलं. पहिल्या वर्षी मी तेच केलं, ६०० पिक्सेल होते, १६पैकी तीन पोर्ट वापरले. बाकीच्या तेरांवर धूळ.

आधी तुमचं मिणमिणतं कोडं. नोडएमसीयूची ताकद कमी नाही, तुमच्या पुढ्यात एक कुंपण आहे. डब्ल्यूएलईडी नवीन टाकलं की त्यात एकूण प्रवाहाची मर्यादा ८५० मिलिअँपिअर लावलेली असते, म्हणजे यूएसबीच्या ॲडॉप्टरवर लावणाऱ्याचा ॲडॉप्टर जळू नये. तुमचे ५० पिक्सेल पूर्ण पांढरे म्हणजे प्रत्येकी ६० मिलिअँपिअरपर्यंत, एकूण ३ अँपिअर. तो गणित करतो, ८५०च्या वर जातंय म्हणतो आणि सगळं खाली ओढतो. एलईडीच्या सेटिंगमध्ये जा, तुमच्या सप्लायला झेपेल तो आकडा भरा. पण लक्षात घ्या, तो *मोजत* नाही, अंदाज करतो. खरा प्रवाह कळत नाही त्याला. म्हणून आकडा सप्लायच्या ऐंशी टक्क्यांवर ठेवा.

आता मुद्दा. तुम्ही विचारताय कुठला कंट्रोलर. मी उलटं विचारतो: पहिल्या पिक्सेलपर्यंत वायर किती लांब? नोडएमसीयू असो वा ईएसपी३२, पिनमधून ३.३ व्होल्टचा सिग्नल निघतो. पिक्सेलमधल्या चिपला ५ व्होल्टवर ‘एक’ म्हणून ओळखायला साडेतीन लागतात. टेबलावर अर्ध्या फुटात चालून जातं, तेही नशिबाने. अंगणात दोन-तीन मीटर झाले की तारा लुकलुकायला लागतो आणि तुम्ही माळेला शिव्या घालता. मध्ये ७४एचसीटी१२५ ही चिप बसवा, ती ३.३चे ५ करते, आणि डेटावर साधारण १०० ओहमचा रेझिस्टर. मग पाचेक मीटर निर्धास्त. २२ मीटर मात्र नाहीच. त्यासाठी आमच्याकडे डिफरन्शिअलचे रिसीव्हर बोर्ड मिळतात, पण तुमच्या कामाला तो खर्च वाया.

म्हणून एक मोठा नको, दोन लहान घ्या. एक ईएसपी३२ ताऱ्याच्या मागे डब्यात, फक्त ताऱ्यासाठी. दुसरा ओसरीत, पागोळी-माड-गोठा-कठडा यांच्यासाठी. दोघांत डेटाची वायरच नाही, वाय-फायवर बोलतील. नोडएमसीयूही चालला असता, पण ओसरीत तुम्हाला वेगवेगळ्या पिनांवर वेगवेगळ्या माळा हव्यात आणि ईएसपी३२ला ते सोपं जातं. एका पिक्सेलचा डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात. ५०० पिक्सेल एकाच पिनवर लावले तर एका चित्राला १५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठेक चित्रं. तुम्हाला एवढी लागतही नाहीत. म्हणजे वेगाची चिंता सोडा.

पप्पांचं बटण: डब्ल्यूएलईडीला साधं ढकलबटण जोडता येतं. एक वायर पिनला, एक ग्राउंडला. एकदा दाबलं की काय, दोनदा दाबलं की काय, दाबून धरलं की काय, तिन्ही वेगळे ठरवता येतात. ओसरीतल्या ईएसपी३२ला बटण लावा. सिंकच्या पानावर ‘बटण दाबल्यावर इतरांना कळव’ अशा अर्थाची खूण असते, ती चालू करा, आणि ताऱ्यातल्या ईएसपी३२ला ‘ऐकत राहा’ सांगा. मग इकडे जो इफेक्ट लागेल तो तिकडेही. ‘वाइप’ नावाचा इफेक्ट माळेच्या सुरुवातीपासून भरत जातो. ताऱ्याची माळ शेपटीपासून सुरू करा, बास.

राउटर बंद पडला तर? प्रत्येकात ‘चालू होताना हा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) लाव’ असं ठरवता येतं. तुम्हाला तो अंधाराचा ठेवायचाय. ओळखीचं वाय-फाय सापडलं नाही तर तो स्वतःचं नेटवर्क सुरू करतो, आणि त्याचा ठरलेला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतो. बदला. नाहीतर गल्लीतली पोरं मिस्सा चालू असतानाच तुमचा तारा जांभळा करतील.

५ की १२ व्होल्ट: १२. कारण खाली कुणीतरी सांगेलच, मला आता मुलीला पोहण्याच्या क्लासहून आणायचंय.

---

निवृत्त_वायरमन (१४ ऑक्टोबर, दुपारी २:३०)

मी सांगतो. ताई, तुम्ही पाण्याजवळ काम करणार आहात म्हणून हे जरा सविस्तर.

२३० व्होल्ट बावखलाच्या पलीकडे न्यायचे नाहीत. एसएमपीएस (२३०चे १२ व्होल्ट करणारा सप्लाय) ओसरीतच राहील, अर्थिंगसह. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि त्यावरचं ‘टी’ बटण दाबून तो पडतो की नाही हे आधी बघा. पलीकडे फक्त १२ व्होल्ट जातील.

आता हिशेब करा, तुमचाच प्रांत आहे. ताऱ्याचे २५० पिक्सेल, प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला १५ अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. जाऊन-येऊन ४४ मीटर, म्हणजे अर्धा ओहम. १५ अँपिअर गुणिले अर्धा ओहम, साडेसात व्होल्ट वायरीतच गेले. ताऱ्याला उरले साडेचार. तारा पेटणारच नाही.

पण रात्रीच्या अंधारात पूर्ण पांढरा कुणाला हवा आहे? ३० टक्क्यांवर ठेवा. साडेचार अँपिअर. दीडच्या वायरीत सव्वादोन ते अडीच व्होल्ट जातील, अडीच चौरसची घेतली तर दीडच्या आसपास. १२मधून दीड गेले तर १२ व्होल्टच्या पिक्सेलला चालतं, ५मधून दीड गेले तर काही उरत नाही. म्हणून १२. पिक्सेल अँपिअर तेवढेच घेतात, म्हणजे १२ व्होल्टवाले जास्त वॅट खातात आणि गरम होतात, हे खरं. त्याची किंमत तुम्ही अंतरासाठी मोजता.

वायर कमी पडते हे ओळखायचं कसं? पांढरा लावा आणि माळेचं शेवटचं टोक बघा. लालसर दिसलं की समजा. निळ्या आणि हिरव्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालला दोन. उपाशी राहिले की निळा-हिरवा आधी माना टाकतात. मग त्या टोकालाही वेगळी वायर टाकून सप्लाय द्या. दोन एसएमपीएस वापरलेत तर उणे एकत्र जोडायचे, अधिक कधीही नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लोकांना वाटतं आरसीसीबी आहे, आता काळजी नाही. आरसीसीबी १२ व्होल्टच्या बाजूचं काहीच बघत नाही. ३० अँपिअरचा एसएमपीएस शॉर्ट झालेल्या बारीक वायरीत हसत हसत ३० अँपिअर ढकलतो, आणि तुमच्या गोठ्यात भाताचा पेंढा आहे. प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज. गाडीचे पात्याचे फ्यूज कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतात. गोठ्याला ३ अँपिअर, ताऱ्याला साडेसात. पिक्सेल पेंढ्यात खुपसू नका, वरच्या वाशाला बांधा.

---

गुमनाम_गोंयकार (१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०)

कनेक्टरला व्हॅसलीन लावा. समुद्र जवळ असला की डिसेंबरात पाऊस नसला तरी दव आणि खार पुरे होतात. तीन पिनांत मधली गंजून हिरवी झाली की डेटा मेला. आणि पावसाचं काय सांगावं, २०१७ला ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा डिसेंबरच होता.

---

बावखलकाठी (१६ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

ओखी कसं विसरेन, आमचा तारा त्या वर्षी बांबूसकट बावखलात गेला होता. भावाने पोहत जाऊन काढला.

सगळ्यांचे आभार. ८५०चा आकडा बदलला आणि जेवणाच्या टेबलावर दिवस उजाडला. मम्मीने झोपेतून उठून विचारलं कोण आलंय.

---

बावखलकाठी (२३ नोव्हेंबर, रात्री ११:५०)

अहवाल देते, कारण असे धागे मध्येच तुटतात आणि मग पुढच्या वर्षी शोधणाऱ्याला काही कळत नाही.

लॅमिंग्टन रोडला गेले होते. वसईकरांसाठी टीप: फास्ट लोकल ग्रँट रोडला थांबत नाही, दादरला बदला. दोन ईएसपी३२, १२ व्होल्टच्या १३ माळा, एक ३० अँपिअरचा एसएमपीएस, १२चे ५ करणारे दोन बक कन्व्हर्टर (ईएसपी३२ आणि ती सिग्नलची चिप, दोघांनाही ५ हवेत), अडीच चौरसची वायर. माळांनीच बजेटची वाट लावली. माडांच्या दोन माळा पुढच्या वर्षीवर ढकलल्या, म्हणजे आता एका माडाला १०० आणि दुसरा माड रुसलेला.

फजिती एक, आणि ती माझीच. ‘लेव्हल शिफ्टर द्या’ म्हटलं तर काउंटरवरून चार वाटांचा एक लहान बोर्ड मिळाला, ३.३ आणि ५ दोन्हीकडून चालणारा. मी पण छान म्हणून घेतला. घरी लावला तर पहिले दहा पिक्सेल बरोबर आणि पुढे मनाला येईल ते. दोन रात्री मी सोल्डरिंग पुन्हा पुन्हा करत बसले. शेवटी डॅलसकरांना व्यक्तिगत निरोप टाकला, त्यांनी फोटो बघून सांगितलं की त्यातले बारीक ट्रान्झिस्टर या वेगाला बऱ्याचदा पुरे पडत नाहीत. मी चिपचा नंबर न वाचता नुसतं नाव सांगितलं होतं. ७४एचसीटी१२५ वेगळी मागवली, लावली, त्या क्षणी सरळ. तेव्हा वाचणाऱ्यांनो, नाव नको, नंबर सांगा.

वायरमनकाकांचा हिशेब ताऱ्यावर ताडून बघितला. ३० टक्क्यांवर पांढरा लावून ताऱ्याच्या टोकाशी मीटर धरला: ओसरीत १२.१, ताऱ्याशी १०.५. म्हणजे दीडच्या जवळपास, काका पास. मग गंमत म्हणून दोन सेकंद १०० टक्के केलं. तारा तपकिरी झाला, ईएसपी३२ बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा तेच. आता मर्यादा ५,००० मिलिअँपिअरवर बांधून टाकली आहे, कुणी हात लावला तरी वर जाणार नाही. कोल्हापूरकर, तुमचा क्रम बरोबर निघाला, माझ्या माळा आरजीबीच आहेत. मी आधी जीआरबी ठेवला होता आणि गोठ्यातली लाल आग हिरवी पेटली होती.

बटण पप्पांनी स्वतः निवडलं. मी लहानसं पॅनलवर बसणारं आणलं होतं, ते त्यांना पसंत पडलं नाही. जुन्या घराच्या दारावरची घंटा काढून ठेवली होती, काळी, गोल, मधोमध पांढरं बोंड. "हे लाव," म्हणाले. आतले पत्रे घासले, वायर जोडली, चाललं. गोठ्याच्या मागच्या वाशाला बसवलंय. एकदा दाबलं की गोठा आणि तारा एकदम भरायला लागतात, तारा शेपटीपासून, साधारण चार सेकंदांत. दोनदा दाबलं की सगळं पिवळसर पांढरं स्थिर.

काल रात्री पहिल्यांदा पूर्ण लावून बघितलं. पप्पा ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. बटण दाबायला लावलं तर एकदा दाबलं, बघितलं, बंद करायला लावलं, परत दाबलं. असं सहा वेळा. सातव्या वेळी बावखलातून एक बेडूक उडाला आणि पाण्यातला तारा पूर्ण हलला. पप्पा म्हणाले, "हे पण प्रोग्रॅममध्ये आहे का?"

एकच प्रश्न उरलाय, जाणकारांनी सांगा: ताऱ्यामागचा डबा प्लास्टिकचा, झाकणाला रबर आहे, तरी सकाळी उघडला तर आतून दव धरलेलं. खाली भोक पाडू की आणखी घट्ट बंद करू?

---

निवृत्त_वायरमन (२४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०)

खाली भोक पाडा. ३ मिलिमीटरचं, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. वायर खालूनच आत घ्या आणि आत जाण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून झोळाला गळेल. भोकाला मच्छरदाणीचा तुकडा लावा, मुंग्यांना गरम डबे आवडतात.